सरांचे बदक

माणसाने आयुष्यभर एका बदकाशी वैर धरावे आणि ते बदक कुणाच्या नजरेला कधी पडलेले नसावे, असे उदाहरण सबंध सिंधुदुर्ग जिल्ह्यात एकच आहे, आणि ते माझ्या कंपाउंडला लागून राहते. मी जमीन मोजणीच्या कामातला माणूस. टेप लावल्याशिवाय अंतर सांगायचे नाही, ही नोकरीत लागलेली सवय घरातही सुटलेली नाही, त्यामुळे 'सबंध जिल्ह्यात' हे शब्द मी उगाच लिहिलेले नाहीत. कामानिमित्त इन्सुलीपासून मसुऱ्यापर्यंत गावोगाव फिरलो आहे. विहिरीवरून, पायवाटेवरून, हद्दीवरच्या एका माडावरून वैर धरलेली माणसे मी शेकड्यांनी पाहिली. बदकावरून हे एकच.

हायस्कुलात तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आता माझ्या मुलीला गिटार शिकवणारे, आणि वाडीत सगळे ज्यांना नुसते 'सर' म्हणतात, ते हे आमचे शेजारी. वय त्र्याहत्तर. अंगाने काडी, आवाज बारीक, आणि कान असे की दुपारच्या बसचा हॉर्न दोन वळणे पलीकडे वाजला की हे ओट्यावरून सांगणार, आज ड्रायव्हर तोच आहे पण हॉर्न अर्ध्या सुराने उतरला आहे. एकदा आमच्या देवळातली भजनाची पेटी दुरुस्त होऊन सावंतवाडीहून आली. बुवांनी ती रस्त्यावर टेम्पोतच वाजवून पाहिली. सर कुंपणाशी आले, काळी तिसरी पट्टी अजून आजारी आहे म्हणाले, आणि परत गेले. पेटी त्याच टेम्पोतून परत गेली. अशा कानाच्या माणसाच्या गिटारीत बदक राहायला आले, हा खरा अन्याय.

हे बदक म्हणजे काय ते मला समजायला दोन वर्षे लागली, वाचकांना दोन मिनिटांत सांगतो. गिटार नुसती वाजवली तर बदक गप्प असते. पण मांडवात तीनशे माणसे बसली की नुसती गिटार तिसऱ्या रांगेपुढे जात नाही. मग तिला वायर लावावी लागते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली एक बारीक पट्टी बसवलेली असते. ती पट्टी आवाज ऐकत नाही. ती तारांचा दाब ओळखते आणि तोच स्पीकरकडे पाठवते. लाकूड, पोकळी, आतली हवा यातले काही तिला ठाऊक नसते. सरांच्या भाषेत, "माणसाची नाडी बगून तो गाता कसो ता सांगूचा, तशातली गजाल." त्यामुळे स्पीकरमधून जे बाहेर पडते त्यात सूर सगळे बरोबर असतात, फक्त ते एका बदकाने म्हटल्यासारखे वाटतात. पट्टी काढून गिटारीसमोर माइक ठेवला तर बदक जाते, पण गिटार मुळात पोकळ पेटी, ती स्पीकरचा आवाज पोटात घेते, माइक तो परत उचलतो, आणि मांडवभर कुई सुरू होते. म्हणजे एकीकडे बदक, दुसरीकडे कुई. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात सर चाळीस वर्षे घर बांधायला बघत होते.

या नादात त्यांना काही सवयी लागल्या. कुठल्याही घरात शिरले की उंबऱ्याच्या आत उभे राहून ते एकच टाळी वाजवतात आणि डोळे मिटून ती कशी विरते ते ऐकतात. माझ्या वास्तुशांतीला आले, टाळी वाजवली आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले की हॉल दिसायला बरा आहे, पण आवाजाला पत्रा आहे, समोरच्या भिंतीवर गादी टांगा. माझी बायको त्यांना तीन महिने नुसता चहा देत होती, सोबत बिस्किटे नाहीत. पुढे एका मयतीच्या घरीही त्यांच्या हातून टाळी गेली. रडणे थांबले. सर्वांनी वळून पाहिले. सरांनी तिथल्या तिथे हात जोडले आणि ते जोडलेच ठेवून पाऊण तास बसले, तेव्हा कुठे लोकांना वाटले की ती प्रार्थनेची सुरुवात होती.

गिटारीतली चौकोनी बॅटरी ते जिभेला लावून तपासतात. जिभेला किती झोंबते त्यावरून ती किती कार्यक्रम टिकेल हे सांगतात, आणि हे ज्ञान सर्वांना असावे म्हणून समोरच्यालाही चाखायला देतात. मी चाखली आहे. वाडीत न चाखलेले कोणी उरले असेल असे वाटत नाही. कार्यक्रमाला ते स्वतःची लाकडी खुर्ची घेऊन जातात, कारण मांडववाल्याची प्लास्टिकची खुर्ची करकरते आणि ती करकर पट्टीला गिटारीपेक्षा जास्त आवडते. मोबाइल तर ते कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवतात, त्याची खरखर वायरीत शिरते म्हणून.

कुई थांबवायला त्यांनी गिटारीचे पोट भरून पाहिले. पहिल्यांदा जुन्या बनियनांनी भरले. आवाज बनियनसारखा आला. मग सावरीचा कापूस भरला. तो एका लग्नात वाजवता वाजवता तारांमधून उडू लागला आणि नवरीच्या डोक्यावर बसला. मग कुणीतरी सुचवले म्हणून नारळाचा काथ्या भरला, तो मात्र चांगला लागला. सर इतके खूश झाले की काथ्या आठ दिवस तसाच ठेवला. नवव्या दिवशी सावंतवाडीला एका साखरपुड्यात दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर गिटारीतून तांबड्या मुंग्या बाहेर पडल्या आणि रांगेने त्यांच्या उजव्या बाहीत शिरल्या. सरांनी गाणे संपवले. एक सूर चुकला नाही, असे ते सांगतात. लय मात्र शेवटी जवळजवळ दुप्पट झाली होती, आणि नाचणाऱ्यांना ती फार आवडली.

आता दुसऱ्या बाजूचे सांगायला हवे, म्हणजे बाबलीचे. बाबली हा आमच्या पंचक्रोशीचा साउंडवाला. पन्नाशीचा, शांत, हातात कायम एक ओले फडके. दशावतार, भजन आणि निवडणुकीची सभा, या तीन कामांसाठी त्याने मशीनवर तीन खुणा करून ठेवल्या आहेत. बटणे त्या खुणांवर लावायची आणि खुर्चीत बसायचे, ही त्याची पद्धत. गिटार ही चौथी गोष्ट त्याच्या मशीनवर नाही. सरांची गिटार तो भजनाच्या खुणेवर लावतो, कारण भजनही देवाचे आणि फेस्तही, म्हणजे सर दरवर्षी ज्यात वाजवतात तो ख्रिस्ती सण, देवाचाच. भजनाच्या खुणेत बुवांच्या आवाजासाठी घुमारा पूर्ण सोडलेला असतो. त्यामुळे बदक एकटे येत नाही, विहिरीत पडलेले बदक येते. सरांनी दरवर्षी तक्रार करावी आणि बाबलीने फडक्याने मशीन पुसत तेच उत्तर द्यावे, "सर, देवाक चलता, तुमका कित्याक चलणा नाय?"

मी यात शिरलो तो टेपमुळे. एका रविवारी सर कुंपणाशी येऊन म्हणाले, "तुज्याकडे माप घेवची टेप आसा मां? वायच ये." गिटारीच्या मानेवर जे आडवे पडदे असतात त्यातल्या बाराव्या पडद्यासमोर माइक ठेवावा, पण किती इंचांवर, हे त्यांना पक्के करायचे होते. मी सहा इंचांपासून सुरुवात केली. अंतर, माइकचा कोन, वारा, दार उघडे की बंद, हे सगळे मी वहीत मांडत गेलो. शेवटचा रकाना निकालाचा. त्यात सरांच्या तोंडून चारच शब्द यायचे. बदक, पत्रा, विहीर आणि कुई. दोन वर्षांत सत्तेचाळीस प्रयोग झाले. एकोणतीस बदके, नऊ पत्रे, सहा विहिरी, तीन वेळा कुई. बेरीज बरोबर येते, मी दोनदा केली आहे. या चार शब्दांबाहेरचा शब्द त्या रकान्यात एकदाही पडला नाही.

संध्याकाळी प्रयोग आटोपले की सर वायर काढून ठेवत आणि ओट्यावर बसून नुसतीच वाजवत. एक चाल संपली की मान न वळवता आतल्या स्वयंपाकघराकडे विचारत, "बरो झालो काय गो?" आतून काहीतरी उत्तर येई. माझ्या कुंपणापर्यंत ते कधी स्पष्ट पोचले नाही. पण उत्तर आल्याशिवाय पुढची चाल सुरू झालेली मी कधी ऐकली नाही.

उत्तर देणाऱ्या फिलूबाय, म्हणजे सरांच्या पत्नी. गुडघ्यांनी अधू, बोलायला तिखट, आणि हाताला अशी चव की माझी बायको त्यांच्याकडून आलेला डबा रिकामा परत करायला दोन दिवस लावते, पुन्हा लगेच मागितल्यासारखे दिसू नये म्हणून. फिलूबाय अकरा वर्षांपूर्वी फेस्ताला शेवटच्या बसल्या होत्या. आमच्या वाडीच्या तिठ्यावर पांढरा खुरीस म्हणजे क्रूस आहे, वर्षातून एकदा तिथे संध्याकाळी लादीन म्हणजे सामुदायिक प्रार्थना होते, मग उकडलेले चणे वाटतात आणि शेजारच्या मांडवात करमणुकीचा कार्यक्रम होतो. अकरा ख्रिस्ती घरे आणि बाकीचे आम्ही, सगळे जातो. त्या वर्षी सरांनी वाजवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच मिनिटाला फिलूबाय उठून घरी निघून गेल्या. नंतर कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "घरचो माणूस स्टेजार चढान बदक जाता. ता बगूक मी गुडगे दुखवन घेव?" तेव्हापासून फेस्ताच्या कार्यक्रमाच्या वेळी त्या घरी वडे तळत असतात.

यंदा त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली, आणि तो दिवस नेमका फेस्ताच्या आदल्या दिवशी आला. सरांनी फिलूबायला शब्द दिला की ह्या फेस्ताला तू पहिल्या रांगेत बस, घरात ऐकतेस तोच आवाज तुला मांडवात देतो. लग्न ठरले तेव्हा तिच्या घरच्या अंगणात वाजवलेली एक जुनी कोकणी चाल वाजवायची, हेही ठरले. फिलूबाय म्हणाल्या, "येतंय. पण परत बदक इला तर माका पुन्हा कधी बोलवचा नाय. मेलंय तरी नाय." हे त्या माझ्यादेखत म्हणाल्या आणि हसल्या नाहीत. सरांचा चेहरा पाहून मी वही मिटली. सत्तेचाळीस प्रयोगांत एकही बरा नाही, आणि फेस्ताला उरले होते नऊ दिवस.

मोजणीत एक साधा नियम असतो. हद्द सापडत नसेल तर मूळ दगडाकडे जायचे. आम्ही दोन वर्षे गिटारीपासून मोजत होतो. पण सरांना जो आवाज हवा होता त्याची मूळ खूण गिटारीपाशी नव्हती, ती फिलूबायच्या कानापाशी होती. हे माझ्या डोक्यात यायला इतका वेळ का लागला ते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सर ओट्यावर वाजवत असताना मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो आणि फिलूबायना विचारले, तुम्ही ऐकता तेव्हा नेमक्या कुठे असता? त्या खोबरे किसत होत्या. त्यांनी विळीवरून न उठता हाताने दाखवले, "हंयच. पन्नास वर्सां हंयच बसतंय."

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. स्वयंपाकघर आणि ओटा यांच्यामध्ये मधली खोली आहे, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत मधल्या खोलीकडे उघडणारी एक लाकडी खिडकी. तिचे खालचे दार कायम बंद, वरचे उघडे. गिटारीचा आवाज ओट्यावरून मधल्या खोलीत येत होता, चिऱ्याच्या भिंतींवर जरा टेकत होता, आणि मग त्या अर्ध्या खिडकीतून विळीपर्यंत उतरत होता. मी संगीतातला माणूस नाही. पण तो आवाज पिकलेल्या फळासारखा होता, हे मी लिहून ठेवले आहे. टेप लावली. गिटारीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत एकोणीस फूट चार इंच. प्रयोग क्रमांक अठ्ठेचाळीस.

सरांना सांगितले तेव्हा त्यांनी गिटार खाली ठेवली. मग म्हणाले की स्टेजवर एकोणीस फुटांवर माइक ठेवला तर त्यात गावाचा खोकला येईल आणि कुई तर येईलच. बाबली तिथे मांडवाचे माप विचारायला आला होता. त्याने फडके खांद्यावर टाकले आणि चेष्टेत म्हणाला, "मगे स्टेजार बसतास कित्याक? घराकडे बसान वाजवा. मी वायर वडतंय थंयसून."

एवढे बोलून तो हसला. मीही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी उठून एक टाळी वाजवली, ती विरेपर्यंत थांबले, आणि मला म्हणाले, "हंयसून स्टेजापर्यंत किती भरता ता मोज."

एकशे शेहेचाळीस मीटर भरले. दशावताराला मैदानाच्या टोकापर्यंत नेण्यासाठी बाबलीकडे लांब वायर होतीच. माइक घरात आणि स्पीकर मांडवात, त्यांची तोंडे घराच्या उलट्या दिशेला, म्हणजे कुई येण्याचा प्रश्नच उरला नाही. पट्टी वापरायचीच नव्हती, म्हणजे बदकही नाही. कागदावर मला यात कुठेही चूक सापडली नाही. फक्त गिटार वाजवणारा माणूस कार्यक्रमाला हजर नसणार होता. फादरना विचारायला गेलो तेव्हा त्यांनी दोनदा विचारले की सरांची तब्येत बरी आहे ना. मी बरी आहे म्हणालो. मग त्यांनी माझी तब्येत विचारली.

फेस्ताच्या संध्याकाळी मी घरात शेवटची तपासणी केली. फ्रिज बंद. भिंतीवरचे घड्याळ काढून परसात. मांजर माझ्या घरी. माइक खिडकीच्या वरच्या उघड्या भागात, विळीच्या अंगाला, ओट्याकडे तोंड करून. बाबलीच्या मशीनवर मी स्वतः उभा राहून घुमारा बंद करायला लावला. देवाची माफी मागून त्याने तो बंद केला. सरांचा मोबाइल तांदळात होता, त्यामुळे सुरुवात करायची खूण म्हणून मांडवातून एक फटाका लावायचा ठरले. एकच गोष्ट आम्ही विसरलो. सरांची लाकडी खुर्ची सवयीने स्टेजवर गेली होती, आणि ते स्वतः घरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

लादीन झाली, चणे वाटले, साडेसातला मांडव भरला. फिलूबाय मोतिया रंगाच्या झग्यात पहिल्या रांगेत मधोमध येऊन बसल्या. निवेदकाने सांगितले की आता आपले सर गिटार वाजवतील. पडदा सरकला. उजेडात लाकडी खुर्ची. फटाका वाजला, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत तोच फटाका स्पीकरमधून परत ऐकू आला. एकशे शेहेचाळीस मीटर जायला आवाजाला एवढाच वेळ लागतो, मी ताडून पाहिले आहे. मग प्लास्टिकची खुर्ची करकरली. मग एक घसा खाकरला. मासळी विकणारी पारूबाय दर शुक्रवारी सरांच्या ओट्यावर पाटी उतरवते. तिने माझ्यामागून सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "आवाज हंय आसा, माणूस खंय आसा?" मागच्या रांगेतले दोघे जण उठून स्टेजच्या पाठीमागे बघून आले.

आणि मग गिटार सुरू झाली.

मी वाट पाहत होतो की आता बदक येईल, आता पत्रा येईल. आले नाही. चिऱ्याच्या भिंतींचा, अर्ध्या खिडकीचा, पन्नास वर्षे एका माणसासाठी उतरत आलेला तो आवाज तीनशे माणसांच्या मांडवात भरला. मध्ये एकदा बाहेरच्या माडावरून झावळ पडली, तीही ऐकू आली, आणि ती तिथे हवीच होती असे वाटले. फिलूबायचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठच दिसत होती. पण चाल सुरू झाल्यावर त्यांची मान हळूहळू डावीकडे कलली. विळीवर बसल्यावर खिडकी त्याच बाजूला येते.

चाल संपली. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण रिकाम्या खुर्चीसाठी टाळ्या कशा वाजवायच्या हे कुणाला कळेना. त्या शांततेत स्पीकरमधून सरांचा आवाज आला, रोजचाच, मान न वळवता विचारलेला.

"बरो झालो काय गो?"

फिलूबायनी स्पीकरकडे बघून उत्तर दिले, "होय हो, बरो झालो." पण वायर एकाच बाजूने जाते. सर थांबले. थोड्या वेळाने, तिचा डोळा लागला की काय म्हणून, त्यांनी पुन्हा विचारले, "न्हिदलंस काय गो?" मग करकर झाली, म्हणजे ते खुर्चीतून मागे वळले असावेत. मग अगदी हलक्या आवाजात, स्वतःशी, "अरे हां. ती मांडवात मां."

त्यानंतर काही नाही. दोन चाली ठरल्या होत्या. दुसरी सुरू होईना. रिकाम्या घरात एक माणूस बसून आहे, एवढेच तीनशे माणसे ऐकत होती. बाबलीचा हात आवाज कमी करायला बटणाकडे गेला. मी तो धरला. काम करणाऱ्या माणसाचा हात मी आयुष्यात धरला तो एवढा एकदाच.

फिलूबाय उठल्या. कुणी तरी सोबत यायला निघाले, त्यांना त्यांनी हातानेच बसवले. एकशे शेहेचाळीस मीटर, त्या गुडघ्यांनी. मी घड्याळ लावले होते, पाच मिनिटे चाळीस सेकंद. तेवढा वेळ स्पीकरमध्ये सर एकेक तार हळूच छेडत होते, उगाच. मग स्पीकरमध्ये मागचे दार वाजले. सपाता वाजल्या. विळी सरकली. आणि माझ्या कुंपणापर्यंत जे उत्तर दोन वर्षांत कधी पोचले नाही, ते आज सबंध वाडीने ऐकले.

"बरो झालो. बदक नाय. पण तिसरी तार वायच उतरलेली."

"ता आता सांगतंस?"

"पन्नास वर्सां सांगतंय. तुमी आयकतास खंय? वाजवा परत. मी आसंय हंय."

दुसरी चाल त्यांनी वाजवली. ती पहिलीपेक्षा बरी झाली, असे पारूबायचे मत आहे आणि मासळी असो की आवाज, तिचे मत मी मानतो. स्टेजवर एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यासमोर पहिल्या रांगेत दुसरी. दोन्हींमधले अंतर मी दुसऱ्या दिवशी मांडव सोडायच्या आधी मोजले. सव्वीस फूट. त्याची गरज काही नव्हती.

बाबलीने वायर गुंडाळून नेली. त्याने मशीनवर चौथी खूण केली आहे, पण ती कुणासाठी लावायची ते त्याला अजून ठरवता आलेले नाही, कारण सर आता स्टेजवर जात नाहीत. टाळी मात्र वाजवतात, बॅटरी चाखायला देतात, आणि संध्याकाळी ओट्यावर नुसतीच गिटार घेऊन बसतात. माझी खुर्ची मी कुंपणाजवळच्या खिडकीत हलवली आहे. फेस्तापासून माझेही कान जरा तयार झाले आहेत. चाल संपते, सर आत विचारतात, आणि आतून आलेले उत्तर आता मला स्पष्ट कळते. तिसरी तार. रोज तिसरी तार.

रस्त्यावरच्या टेम्पोतल्या पेटीची एक पट्टी ज्यांना ऐकू येते, दोन वळणे पलीकडच्या बसचा हॉर्न ज्यांना अर्ध्या सुराने उतरलेला कळतो, त्या माणसाला स्वतःच्या मांडीवरच्या गिटारीची तिसरी तार कळत नसेल, हे माझ्या हिशेबात बसत नाही. पण ती तार नेमकी किती उतरलेली असते, ते मोजायला सरांनी मला अजून बोलावलेले नाही. मीही टेप घेऊन गेलेलो नाही.